बसून राहिले

सागर अमरावतीचा, पण वीस वर्षं पुण्यात काढल्यावर वऱ्हाडी त्याच्या जिभेवरून पार उतरली होती. "पुण्याचा पाव्हणा आला," असं त्याची आई मैनाबाई त्याला चिडवायची. जुन्या परदेशी गाड्यांचा त्याला भारी नाद. आईला शब्द दिला होता, उद्या नव्या गाडीत शेजारी बसवून रिद्धपूरला दर्शनाला नेतो. म्हणून तर भर दुपारी तो अकोटच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये उभा होता.

समोर दोन गाड्या. दोन्ही दोन दारांच्या, बुटक्या, साठ सालच्या आसपासच्या, शर्यतीच्या जातीच्या. एक जर्मन, एक इटालियन. न्यायची एकच.

जर्मनचा पत्रा गंजलेला, सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालेलं. इंजिन मात्र शाबूत. इटालियन तांबडीलाल, चावी फिरवताच गुरगुरली. पण सागर आत बसला आणि त्याने नाकाला रुमाल लावला. शी! तंबाखू-सुपारीचा खर्रा, घाम आणि न धुतलेलं तोंड, सगळ्याचा मिळून एक वास. एसटीत कुणी आत्ताच उठून गेलेल्या सीटसारखी ओलसर ऊब. स्टिअरिंग चिकट. राखदाणीत खर्‍याचा चोथा होता, आणि तो ओला होता.

"हिच्यात कोण बसतं?" त्याने बोटं रुमालाला पुसत विचारलं.

मालक जानराव शेडच्या दारातच उभा होता, आत यायचं नाव घेत नव्हता. "बाबा बसून राहिले," तो म्हणाला.

बाबा म्हणजे त्याचे वडील, महादेवराव. गाड्या त्यांनीच आणलेल्या. दारावर त्यांचा हार घातलेला फोटो होता, हार तीन वर्षं जुना.

म्हणजे म्हातारा मरेपर्यंत हिच्यातच बसून राहिला, सागर मनात म्हणाला. काय घाणेरडा माणूस!

"जर्मन न्या भाऊ," जानराव हळूच म्हणाला. "ते रिकामी हाये."

भंगार गळ्यात मारायला बघतोय लेकाचा! सागरने साबणाच्या पाण्याने सीट तीनदा घासली आणि इटालियनच घेऊन निघाला.

अंजनगाव मागे पडलं. काचा खाली होत्या, तरी वास जाईना. उलट दाट होत गेला. पाठीला सीट पुन्हा ओली लागत होती, गरम, एखाद्याच्या मांडीवर बसावं तशी मऊ. त्याने आईचा फोन स्पीकरवर घेतला.

"कुठं आला रे? मी दारातच बसून राहिली."

"कशाला बसून राहिलीस इतका वे..."



आई बसून राहिली होती. म्हणजे आत्ता, या घटकेला, दारात बसलेली होती. त्याच्या घरात लहानपणापासून असंच बोलत. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. झोपून राहिले म्हणजे झोपलेत.

जानरावने सरळ सांगितलं होतं.

त्याने ब्रेक दाबण्यासाठी पाय उचलायला पाहिलं. पाय उचलला गेला नाही.

"बोलत काहून नाई रे? अन् हे चावून काय राहिला? खर्रा खाऊन राहिला काय?"

सागरने जन्मात खर्‍याला बोट लावलं नव्हतं. त्याने तोंड घट्ट मिटायला पाहिलं. जबडा सावकाश चालतच होता. जिभेखाली काहीतरी ओलं, कडवट गोळा झालं होतं, दुसऱ्याने आधीच चघळलेलं.

"उद्या मले शेजारी बसवशील नं?" आईने विचारलं.

"हो माय," त्याच्या तोंडून निघालं. "तुलेच घ्याले येऊन राहिलो."

"पाह्य बरं!" मैनाबाई खुशीत हसल्या. "आता कसा आपल्यावानी बोलला!"