सड्यावरचे दोन कॅमेरे

“हलू नका! डावा पाय… तसाच वर ठेवा!”

मी ओरडले तेव्हा कातळावर पालथी पडलेली होते. त्यामुळे मला फक्त एक बूट दिसला. नवाकोरा, पांढरा, आणि माझ्या फुलांच्या वर वीतभर हवेत थांबलेला.

“किती वेळ?” वरून आवाज आला.

“काय?”

“पाय किती वेळ वर ठेवायचा? मी बगळा नाहीये हो.”

मी मान वळवून पाहिलं. दोन्ही हात पसरून तोल सावरत एक उंच मुलगा उभा होता. गळ्यात कॅमेरा, केसांवर पावसाचे बारीक थेंब, आणि डोळ्यांत… रागवायचं की हसायचं, याचा गोंधळ.

“मागे ठेवा. हळू. तिथं खाली सीतेची आसवं आहेत.”

त्याने पाय मागे घेतला आणि खाली वाकून पाहिलं. साचलेल्या उथळ पाण्यात ती इवली जांभळी फुलं वाऱ्याने थरथरत होती.

“ही होय! नाजूक आहेत.”

“दिसायला. पाण्याखाली किडे पकडून खातात.”

“अरे बापरे,” तो माझ्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे जपूनच राहायला हवं…”

मी पटकन कॅमेऱ्यात डोळा घातला. कान गरम झाले होते, ते त्याला दिसायला नको होतं.

ही दोन हजार आठ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तेही हंगामी नेमणुकीवर. डिसेंबरात सड्यावरच्या फुलांचं प्रदर्शन भरवायचं होतं, म्हणून पावस गावच्या एसटीने गोळपला उतरून मी रोज दुपारी सड्यावर यायचे. एरवी हा सडा म्हणजे मैलभर पसरलेला उघडा काळा कातळ. पण भाद्रपदात त्याच दगडावर जांभळी, पांढरी, पिवळी फुलं अशी उमलतात, की पाय कुठे ठेवावा कळत नाही.

माझ्याकडे विभागाचा कॅमेरा होता. डिजिटल एसएलआर, पण चार वर्षांपूर्वीचा. सहा मेगापिक्सेल, मागचा पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा. आमचे विभागप्रमुख सखदेव सर म्हणाले होते, “ऋजुता, नवा घ्यायचा की हाच अजून चालवायचा, ते नीट पडताळून सांगा.” आणि पडताळायला नवा कॅमेरा आणायचा कुठून, याच विचारात मी होते. तो बूट घालून स्वतःच चालत आला!

“बारा मेगापिक्सेल,” तो अभिमानाने म्हणाला. “गेल्याच महिन्यात घेतला. मी यज्ञेश. गोळपचाच. मुंबईला नोकरीत होतो, आता परत आलोय. वडिलांच्या धंद्यात.”

“कसला धंदा?”

“असंच… बांधकामाचं काहीतरी.”

त्याने पहिलाच फोटो काढला आणि तोंड वाकडं केलं. त्याच्या लेन्सने फुलाच्या जवळ जाताच येईना. माझ्याकडे मात्र जवळचं टिपणारी खास लेन्स होती, आणि दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे.

“माझी लेन्स तुमच्या कॅमेऱ्याला बसेल,” मी म्हणाले.

“बघा बुवा. नाही जमलं तर?”

टक्… असा हलकासा आवाज झाला आणि ती बसली. आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं, आणि एकदमच दुसरीकडे.

त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. आम्ही एक फूल निवडायचो, ते आधी माझ्या कॅमेऱ्याने टिपायचं, मग त्याच्या. लेन्स तीच. माझा कॅमेरा चालू केला की तीन सेकंद गप्प बसायचा.

“चालू होतोय ना?” तो विचारायचा.

“विचार करतोय.”

“कशाचा?”

“समोर फोटो काढण्यालायक कुणी आहे का, याचा.”

“आणि काय ठरलं त्याचं?”

“अजून विचारच चाललाय…”

तो मोठ्याने हसायचा. हसताना त्याचे डोळे मिटून जायचे, आणि मी तेवढ्यात नीट बघून घ्यायचे.

पण तुलना आम्ही प्रामाणिकपणे केली हं! ऊन असेल तेव्हा दोघांत फारसा फरक नव्हता. उलट सीतेच्या आसवांचा जांभळा रंग माझ्या जुन्यातच खरा यायचा, त्याच्या नव्यात तो निळसर व्हायचा. तो अर्धा दिवस हे मान्यच करेना. पण आभाळ भरून आलं की माझ्या फोटोंवर रवा सांडल्यासारखे ठिपके यायचे, आणि त्याचे स्वच्छ. शिवाय त्याला माझ्यासारखं ओल्या दगडावर लोळावं लागत नसे. कॅमेरा खाली धरला की मागच्या मोठ्या पडद्यावर फूल हलताना दिसायचं.

“तुमचा ड्रेस वाचेल,” तो म्हणाला.

“आणि तुमची करमणूक बुडेल.”

“तेही आहेच.”

एका दुपारी जोराची सर आली. आम्ही करवंदीच्या जाळीशी एका छत्रीत उभे होतो. त्याचा खांदा भिजत होता आणि तो छत्री माझ्याकडेच सरकवत होता. मी त्याचा कॅमेरा पदराखाली… म्हणजे ओढणीखाली धरून जुने फोटो बघत होते. एकेक मागे नेत गेले. गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं, जांभळी फुलं, आणि मग फुलं संपली.

पुढे नुसता सडा होता. हाच. कातळावरच्या, मी रोज हद्दीच्या खुणा समजून ओलांडत होते त्या लाल फुल्या आणि खुंट्या, आणि टेप धरून उभे असलेले पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ. माझ्या तिकिटाएवढ्या पडद्यावर मला ते काहीच कळलं नसतं. इथे सगळं लख्ख दिसत होतं.

“हे कोण?”

“अण्णा. माझे वडील.”

“आणि या फुल्या?”

“चिऱ्याची खाण… दिवाळीनंतर सुरू करायची आहे. जमीन आमची आहे. कागदांना जोडायला फोटो हवे होते, म्हणून मी त्या दिवशी…”

“इथे? या पाण्यापाशी?”

“मी सांगणार होतो.”

“कधी? मशिन आल्यावर?”

माझा आवाज चिरकला. त्याने छत्री अजूनही माझ्यावरच धरली होती, त्याचा मला आणखी राग आला. मी त्याचा कॅमेरा त्याच्या हातात दिला, माझी लेन्स काढून घेतली आणि पावसातच चालू लागले.

“ऋजुता!” तो मागून म्हणाला. रागाने नाही, दमल्यासारखा. “तुमचं घर कशाचं बांधलंय?”

मी मागे न बघता एसटी गाठली. माळनाक्याला घरी पोचले, फाटक उघडलं, आणि समोर आमची भिंत. बाबांनी हौसेने गिलावा न करता ठेवलेली, लाल, देखण्या चिऱ्याची.

मग मी सड्यावर जाणं बंद केलं. सरांना सांगून टाकलं, “नवा घ्या. उन्हात जुनाही चांगला आहे, पण आपल्याकडे पावसात ऊन असतं कुठे?” सर खूश झाले. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. आईला म्हटलं, डोकं दुखतंय. भाद्रपद संपत आला होता. फुलं आता सुकू लागतील, पुढल्या वर्षी तिथे खड्डा असेल, आणि तो… त्याचा नंबरसुद्धा मी घेतला नव्हता.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या दारात कुणीतरी खाकरलं.

“फुलांवर पाय देऊ नको म्हणणारी ती पोरगी… तूच काय गो?”

पांढरा सदरा. फोटोतलेच गृहस्थ, हरिहर अण्णा. आणि त्यांच्या मागे, खांब धरून, मान खाली घातलेला यज्ञेश. मी उभी राहिले आणि स्टूल पुढे सरकवलं.

अण्णांनी खिशातून दोन मोठे फोटो काढून टेबलावर ठेवले. एकच गेंद, एक माझ्या कॅमेऱ्यातला, एक त्याच्या. माझा फोटो त्याच्याकडे कसा, असं मी नजरेनेच विचारलं. “तुम्हीच कार्डावरून कॉपी करून दिला होता,” तो पुटपुटला.

“ह्यानं हे माझ्यापुढे ठेवलन् आणि विचारलन्, अण्णा, कुठला चांगला?” अण्णा म्हणाले. “मी म्हटलं, मेल्या, फोटोचं राहू दे, हे फूल कुठलं? तर म्हणतो, आपल्या सड्यावरचं! अगो, लहानपणापासून गुरं घेऊन फिरलो मी तिथं. माझ्या बापजन्मी हे बघितलं नाही. दाखव मला.”

त्यांच्या जीपमधून आम्ही गेलो. आरशात एकदा यज्ञेशची आणि माझी नजर भेटली… आणि या वेळी कुणीच ती काढून घेतली नाही.

सड्यावर अण्णा गेंदापुढे गुडघे धरून उकिडवे बसले. आधी माझ्या कॅमेऱ्यातून पाहायला गेले, पण चष्म्याची काच आडवी येऊ लागली. मग यज्ञेशने आपल्या कॅमेऱ्याला माझी लेन्स लावली, पडदा चालू केला आणि त्यांच्यापुढे धरला.

“अरे! ह्याला केस आहेत!” अण्णा लहान मुलासारखे ओरडले. “आणि हा किडा बघ, कसा फिरतोय! हा गेंद मोठा होतो काय गो कधी?”

“नाही,” मी म्हणाले. “एवढाच. आणि पाणी आटलं की संपतो. बी दगडाच्या फटीत राहतं, पुढल्या पावसापर्यंत.”

ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले, सदरा झटकला, आणि कडक आवाजात म्हणाले, “यज्ञा, ह्या पाण्याकडच्या बाजूला हात लावू नको. खाण रस्त्याकडून सुरू करू. इकडचा चिरा नाहीतरी भुसभुशीत आहे.”

“पण अण्णा…”

“भुसभुशीत आहे म्हटलं ना!” आणि ते जीपकडे उतरू लागले.

ते दूर गेल्यावर मी हळूच विचारलं, “खरंच भुसभुशीत आहे?”

“सगळ्या सड्यात हाच चांगला,” यज्ञेश म्हणाला. “मुंबईचा ठेकेदार याच्यासाठीच येणार होता.”

माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. वारा सुटला होता. ओल्या गवताचा आणि मातीचा वास येत होता. त्याने कॅमेरा बंद करून गळ्यात अडकवला. मग उगाच पुन्हा काढला, पुन्हा अडकवला.

“ऋजुता… तेव्हाच सांगायला हवं होतं मी. भीती वाटली.”

“खाण थांबवेन म्हणून?”

“तुम्ही यायचं थांबाल म्हणून.” तो खाली कातळाकडे बघत होता. “आता तुमची तुलना झाली. प्रदर्शनाचे फोटो झाले. म्हणजे मला तुम्हाला भेटायला काही कारणच उरलं नाही. तर… कारण नसताना भेटलो, तर चालेल?”

“सड्यावर नको.”

त्याचा चेहरा पडला. मला राहवेना.

“घरी ये. रविवारी. मी आईला सांगून ठेवते.”

“काय सांगणार?”

“जे आहे तेच. की तू मला आवडतोस.”

त्याने कॅमेरा पाठीमागे सरकवला. मग जवळ आला आणि माझा हात हातात घेतला. त्याची बोटं गार होती.

“परत एकदा म्हण ना.”

खाली जीपचा हॉर्न वाजला, लांबलचक. मी हात सोडवायला गेले, त्याने सोडला नाही. मग बहुधा अण्णांनी वर पाहिलं असावं… कारण हॉर्न मध्येच थांबला, आणि त्यांनी जीपचं इंजिनच बंद करून टाकलं.