ग्वांगझूत दुपारी एक ते चार

दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरातल्या एका रणरणत्या सकाळी तो आमच्या नेट कॅफेत शिरला आणि घाम पुसत म्हणाला, “चीनमध्ये ग्वांगझू म्हणून मोठं शहर आहे. तिथे खरेदी कुठे करतात, हे बघायचं होतं.”

रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी काउंटरवर बसून मी लोकांना निकाल नि रेल्वेची वेळापत्रकं काढून देत असे. चीनचा बाजार आजवर कुणी मागितला नव्हता. माझा स्वभाव मुळातच चौकस. आई म्हणते, आमची हेमा भोचक आहे.

“काय घ्यायचंय?”

“आमच्या कॅनिंगच्या कारखान्याला डबे सील करायचं यंत्र. ते मालकांनी ठरवलंय. पण एक दिवस मोकळा मिळणार. आईला छत्री हवी, मालकीणबाईंना रेशीम, नि...” तो थांबला. “तुम्हाला कशाला सांगतोय मी हे?”

“मी विचारलं म्हणून.”

त्याचं नाव गुरुप्रसाद. हसताना आधी त्याचे डोळे हसायचे, मग तो. पुढचे आठ दिवस तो रोज आला. एका संगणकासमोर दोन खुर्च्या ओढून आम्ही ग्वांगझू हिंडलो. बेजिंग रोडवर कपडे. यीद रोडवर खेळणी, नि पुढे गेलं की सुकी मासळी.

“सुकी मासळी? म्हणजे आपला मिरकरवाडाच की,” मी म्हणाले. “वास तसाच येत असेल का ओ?”

“येताना चिमूटभर वास आणतो.”

“वास नको. सोडे आणा.”

आठव्या दिवशी तो सहज बोलून गेला, “काम जमलं तर मालक मला तिथेच ठेवणार म्हणतात. दोन वर्षं.”

ते शहर त्याला मीच गोड करून दिलं होतं. तरी मोकळ्या दिवसाचा आराखडा मी लिहून दिला. कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे घासाघीस करायची, सगळं. जरा रागातच लिहिला.

पंधरा दिवसांनी तो दारात उभा. हातात सोड्यांची पुडी.

“सगळं बघून झालं?” मी विचारलं.

“अर्धंच. एक ते चार दुकानं बंद, असं तुम्ही लिहिलं होतंत.”

“मग? दुपारी बंदच असणार.”

“नव्हती. सताड उघडी होती.”

मी कपाळावर हात मारला. आमच्या बाजारात एक वाजला की दुकानं बंद. जेवून आडवं न होणारं गाव जगात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“उघडी होती, तर आत का नाही गेलात?”

“सकाळी गेलो होतो.” तो खाली बघत बोलत होता. “रेशमाच्या दुकानात वाटलं, हेमा असती तर हे विणतात कसं ते विचारत बसली असती. चहाच्या दुकानात वाटलं, तिने वीस डबे उघडायला लावले असते. मग एकट्याने काही बघवेना. तुमच्या कागदाचं निमित्त केलं नि तीन तास बाकावर बसून राहिलो.”

त्याने नुसतं ‘हेमा’ म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकत होते.

“मालकांना उद्या सांगायचंय, तिकडे जातो की नाही ते,” तो म्हणाला. “तुम्हाला विचारायचं होतं... लग्न करून याल का माझ्याबरोबर? पण तुम्ही त्या शहरासाठी हो म्हणालात, तर मला कळणार कसं?”

प्रश्न रास्त होता. कोल्हापूरच्या पलीकडे मी गेले नव्हते, आणि ते शहर मला हवं होतंच. यीद रोडवर उभं राहून तो वास घ्यायचा होता. पण हा माणूसही मला हवा होता, फार हवा होता. गेले पंधरा दिवस दार वाजलं की मी मान वर करत होते.

“मग मालकांना नाही म्हणून सांगा,” मी म्हणाले. “इथेच राहा, मिरजोळ्याच्या कारखान्यात. तरी मी हो म्हणेन. घरी येऊन आईबाबांना विचारा.”

तो बघतच राहिला. “आणि... ग्वांगझू?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं सांगून झालं.”

तीन नंबरवरचं गिऱ्हाईक कधीपासून प्रिंट मागत होतं. मी त्याला थांबा म्हटलं, नि गुरुप्रसादचा हात धरला.