नाव खरवडलेली आठवण

सगुणाआक्कांच्या घरात पुन्हा रडू आलं तेव्हा भाकरी तव्यावर होती. आधी सून सुरंगा रडली, मग आक्कांचे यजमान, मग खुद्द आक्का. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नाही. भाकरी करपली ती करपलीच.

त्या काळी प्रत्येक घराची एक स्मरणकोठी असे. घरातल्या सगळ्यांच्या आठवणी त्या एकाच यंत्रात साठवलेल्या. डोळे मिटले की ज्याला हवी ती उघडता येई. सोसवत नाही अशी आठवण घरच्या कर्त्या माणसाच्या अंगठ्यानं पुसता येई. पुसल्याचंही मग कुणाला आठवत नसे. लोकांना सुख म्हणजे एवढंच हवं असतं.

कोठी दुरुस्त करणारी केतकी सातपुते सकाळपासून यंत्राशी बसली होती.

"दरवेळी कोठी साफ करतेस, दरवेळी रडू परत येतं," आक्का म्हणाल्या. "आमची मांजर बरी. तिनं चाटलेली ताटली पुन्हा चाटावी लागत नाही."

"आक्का, कोठी बिघडलेली नाही. आठवण कुणी उघडून बसलं असेल तर कोठी ती नष्ट करत नाही. नुसतं नाव खरवडते आणि आत ठेवून देते. धरणाऱ्यानं सोडली की मगच ती जाते. तोवर हे बिननावाचं रडू."

"मग धरलंय कुणी? ही सुरंगाच असणार. हिला तुटका चमचा टाकवत नाही."

"घरातलं कुणी नाही. धरणाऱ्याला मी इथून साद घातली, तर उत्तर यायला दुपार उलटली. इतक्या लांब, शनीपलीकडे, एकच यान गेलंय. ते हरवल्याचं जाहीर झालं होतं." केतकीनं आवाज सांभाळला. "कोठी घरच्याच माणसाला उघडते, आक्का. तिथं तुमच्यातलं कुणीतरी जिवंत आहे. तुमच्या सगळ्यांच्या मनातली स्वतःचीच आठवण धरून बसलंय."

"आमच्यातलं कुणी कुठं गेलेलं नाही!"

"तुम्हाला आठवायचं नाही. तुमच्याच अंगठ्यानं पुसलंय."

"नाव परत येईल?" आक्कांनी विचारलं.

"नाही. त्या माणसाशी कोठीला जोडणारा धागा अंगठ्यानं तोडला तर रडू थांबेल, आणि ते माणूस घरातून कायमचं जाईल. नाही तोडला तर असेच रडत राहाल, आणि ते दारात उभं राहिलं तरी ओळखणार नाही."

घर कसं चालवायचं ते आक्कांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी अंगठा कोठीच्या काचेपर्यंत नेला. तिथं तो थबकला. सुरंगा दारात उभी होती, पदरानं डोळे पुसत.

"सुरंगे," आक्कांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "तू माझी सून ना गं?"

"असं काय विचारता, आत्याबाई? सूनच की."

"मग माझ्या कोणत्या लेकाची बायको तू?"

सुरंगानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.