गॅसबत्तीचा मफलर

सत्यवती आणि जागेश्वरची पहिली गाठ पडली लाखांदूरच्या एसटी स्टँडवर, आणि पडली ती चक्क भांडणानं.

सन एकोणीसशे ऐंशीचा डिसेंबर. भंडाऱ्याची सकाळची गाडी खच्चून भरलेली. सत्यवती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, भंडाऱ्याला वसतिगृहात राहायची आणि रविवार घरी काढून सोमवारी परत जायची. खिडकीपाशी अंग चोरून बसली होती बिचारी. तेवढ्यात एक लांबलचक पोरगा गॅसबत्ती पोटाशी धरून गाडीत घुसला. बत्तीला निळा मफलर गुंडाळलेला, आणि याच्या स्वतःच्या अंगावर नुसता सदरा!

"सामानाचं तिकीट लागन," कंडक्टर गुरकावला.

"सामान नोहे जी, काच हाये. मांडीवर घेऊन बसतो." आणि बसला तो नेमका सत्यवतीच्या शेजारी.

दोन मैल ती साडी आवरत राहिली. मग मात्र तिला राहवेना. "तुमच्या नवरीले जरा तिकडं सरकवा. माह्या साडीले राकेल लागून राहिलं."

"नवरी?" तो दचकलाच.

"नाही तं काय! स्वतः कुडकुडून राहिले अन् बत्तीले मफलर. एवढे लाड बायकोचेच करतेत लोकं."

तो खो खो हसला. आणि हसता हसता म्हणाला, "सत्यवतीबाई, तुमी बोलता बी वाटते! दोन वर्षांत मले माहीतच नव्हतं."

आता दचकायची पाळी तिची होती. याला नाव कसं ठाऊक?

"एकाच वर्गात हावोत आपन. तुमी पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. तुमी कधी मागं वळून पाहिलं नाही... मी मात्र दोन वर्षांपासून तुमची वेनी पाहून राहिलो." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. कान लालबुंद झाले. उरलेला सगळा रस्ता तो बत्तीशीच बोलत असल्यासारखा खाली मान घालून बसला, आणि सत्यवती खिडकीबाहेर पाहत हसू दाबत राहिली.

त्याचा बाप भय्याजी लग्नाकार्यांना, दंडारीच्या नाटकांना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा. बत्तीची जाळी बांधणं, ती फुटली की राख झटकून नवी लावणं, हे काम लहानपणापासून जागेश्वरचं. हे सगळं तिला त्या महिनाभरात कळलं, कारण आता ती वर्गात मागं वळून पाहायला लागली होती. दिवसातून एकदा. फार तर दोनदा.

जानेवारीत यादोराव सरांनी जाहीर केलं, की शेवटच्या वर्षाची सहल तारापूरला न्यायची, अणुवीज केंद्र पाहायला. मुली पाच होत्या, म्हणून सरांच्या पत्नी कुसुमताई सोबत येणार होत्या.

सत्यवतीचे वडील मारोतराव लाखांदूरच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर होते. बावीस वर्षं धानाचा कोंडा भट्टीत घालून त्यांनी उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी वाफ केली होती. माणूस थोडक्यात बोलणारा. सहलीचं त्यांनी ऐकून घेतलं.

"जा," ते म्हणाले. "पन एक गोष्ट आयक. तुमसरचे लोकं तुले पाहाले येतो म्हनून राहिले. मी त्याहिले म्हटलं, पोरीले अजून शिकाचं हाये, नागपूरले एम.एस्सी. कराचं हाये. पन तुह्या नावानं एक शब्द जरी मागून आला ना पोरी, तं मले तोंड उघडता येनार नाही. मंग एम.एस्सी. नाही, काई नाही. तुमसरच."

"नाही येनार बाबा," ती म्हणाली. आणि तसं तिनं मनापासूनच म्हटलं होतं.

दोन गाड्या बदलून सगळे बोईसरला उतरले. तिथून केंद्राच्या बसमध्ये बसले तर समुद्राचा गार वारा खिडकीतून नुसता अंगात शिरत होता. सत्यवतीचा स्वेटर गाडीत राहून गेला होता आणि ती खोकायला लागली होती. कुसुमताई मागून आल्या आणि तिच्या मांडीवर काहीतरी टाकलं.

"घे वं, गुंडाळ गळ्याले. कोनाचा हाये ते इचारू नको, अन् मी सांगत नाही."

निळा मफलर! सांगायची गरजच काय होती? राकेलचा मंद वास येत होता. तिनं मागं पाहिलं नाही. मफलर गळ्याभोवती दोनदा गुंडाळला, टोकं हातात धरून बसली, आणि खोकला कुठल्या कुठं गेला.

केंद्राच्या दारात सगळ्यांना पांढरे डगले मिळाले, बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या, छातीला एक बिल्ला लावला. माहिती द्यायला चष्म्याचे एक इंजिनिअर साहेब होते, हसतमुख. म्हणाले, "या बिल्ल्यात फिल्म आहे. डोळ्याला न दिसणारे किरण अंगावर किती पडले, ते ही फिल्म सांगते."

डोळ्याला न दिसणारे! सत्यवतीनं डगल्याची गुंडी वरपर्यंत लावून टाकली. मफलर आत राहिला.

मग साहेबांनी सगळं दाखवलं. आत युरेनियमच्या नळ्यांचे जुडगे असतात, अणू फुटतात, उष्णता निघते. खालून दांडे वर सारले की जोर कमी होतो, खाली ओढले की वाढतो. त्या उष्णतेनं पाणी उकळतं, त्याची वाफ टर्बाईन फिरवते, टर्बाईन जनित्र फिरवतं, आणि झाली वीज. वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांवरून जाते, थंड होते आणि तिचं पुन्हा पाणी होतं.

सत्यवती आ वासून ऐकत होती. "म्हनजे साहेब... एवढं सगळं करून शेवटी पानीच उकळतेत काय?"

सगळे हसले. साहेब मात्र खूश झाले. "बरोबर! शेवटी पाणीच उकळायचं."

"माहे बाबा हेच करतेत! कोंड्यावर!"

"मग तुमचे बाबा माझ्याच धंद्यातले. त्यांना माझा नमस्कार सांगा."

नियंत्रण कक्षातल्या भिंतभर काट्यांकडे पाहताना तिला बाबांच्या बॉयलरचा एकुलता एक काटा आठवला आणि ऊर भरून आला. जागेश्वर शेजारी कधी येऊन उभा राहिला, ते कळलंही नाही.

"थंडी गेली काय?" तो हळूच म्हणाला.

"कोनाचा हाये मले माहीत नाही," ती समोर पाहतच म्हणाली. "पन त्याले सांगा... त्याच्या बत्तीले आता थंडी वाजन."

"वाजू द्या."

बस, एवढंच बोलणं झालं. पण सत्यवतीला वाटलं, समोरचे सगळेच काटे एकदम हलले.

आणि मग ते झालं.

बाहेर पडताना एका यंत्रावर उभं राहून दोन्ही हात दोन खाचांत घालायचे होते. हिरवा दिवा लागला की पुढं जायचं. लाखांदूरचीच मैत्रीण पुष्पा गेली, हिरवा. कुसुमताई गेल्या, हिरवा. सत्यवतीनं हात घातले आणि—

खणखणखण!

लाल दिवा. कान फाटतील अशी घंटा.  ती जागची हलेना. दोन माणसं धावत आली, एकानं किरण मोजायचं दांड्याचं यंत्र आणून तिच्या हातांवरून फिरवलं. कटकट... कटकट... डगला काढायला लावला. यंत्र गळ्यापाशी आलं, आणि ती कटकट एकदम वाढून नुसता तडतडाट सुरू झाला.

"माय वं!" पुष्पा किंचाळली. "हिले किरनं लागले!"

पोरं भराभर मागं सरकली. दोन वर्षं एका बाकावर बसलेली पुष्पासुद्धा. सत्यवतीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी मरते आता, तिला वाटलं. इथंच मरते. मायला कोण सांगेल?

"घाबरू नका," साहेब म्हणाले, पण त्यांचं हसू गेलं होतं. त्यांनी हातमोजे घालून मफलर चिमटीत उचलला. "हा कुणाचा?"

 कुसुमताईंचं तोंड पांढरंफटक पडलं. यादोराव सर सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होते. पोराचा मफलर पोरीच्या गळ्यात! एवढा एक शब्द गाडीत बसला, की तिच्याआधी लाखांदूरला पोचेल. नागपूर गेलं. तुमसर आलं.

"माहा," सत्यवती म्हणाली. "माहाच हाये."

"मग बाई, तुम्ही आत कुठं गेला होतात? कशाला हात लावलात? खरं सांगा. आमच्या आतून हे आलं असेल तर मला आत्ताच्या आत्ता सगळी जागा शोधावी लागेल."

 ती कुठंच गेली नव्हती, कशालाच शिवली नव्हती. पण आता माघार कशी घ्यायची? सर रागानं लाल झाले होते. "सत्यवती! बोल ना! कुठं गेली होतीस?"

"ते खोटं बोलून राहिली, सर."

मागून आवाज आला. सगळ्यांच्या माना वळल्या. जागेश्वर रांगेतून पुढं आला. चेहरा राखेसारखा झालेला, पण पाय थांबत नव्हते.

"मफलर माहा हाये. तिले थंडी वाजत होती म्हनून मी कुसुमताईच्या हातानं देला. ते कुठं गेली नाही, कशाले शिवली नाही. मी पूरा वेळ पाहून राहिलो होतो."

पूरा वेळ! कुणीतरी मागं खुसखुसलं. सत्यवतीला वाटलं, आता घंटा वाजली तर बरं होईल, निदान कुणाला काही ऐकू येणार नाही.

"अन् साहेब, हे तुमच्या इथलं नोहे. हे आमच्या घरचं हाये." त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक चपटी पुडी काढली. बत्तीवाल्याच्या खिशात नवी जाळी नेहमीच असते. "याले यंत्र लावून पाहा."

यंत्रवाल्या माणसानं दांडा पुडीजवळ नेला. तडतडतडतड!

साहेब पुडीवर वाकले. मग कपाळावर हात मारून घेतला. "थोरियम! अरे, गॅसबत्तीची जाळी! जाळी थोरियमच्या द्रावणात बुडवलेली असते. जळल्यावर जी पांढरी जाळी उरते, ती त्याचीच, आणि त्यातूनही किरण निघतात. तू काय, फुटलेल्या जाळीची राख या मफलरनं पुसतोस?"

"दहा वर्षांपासून," जागेश्वर खाली मान घालून म्हणाला. "पुस्तकात थोरियम वाचलं होतं जी. पन माह्या खिशातलंच ते, हे आता घंटी वाजली तवा डोक्यात आलं."

"फार धोका नाही, बाई," साहेब सत्यवतीला म्हणाले. "साबणानं हात-मान धुवा, झालं. पण ती राख नाकातोंडात जाऊ देऊ नका रे. आणि हा मफलर राहील माझ्याकडे. उद्यापासून प्रत्येक सहलीला हाच दाखवणार मी!"

सगळे हसले. सत्यवती हात धुवायला गेली आणि नळ सोडून खूप रडली.

परतीच्या प्रवासात दोघं लांब लांब बसली. बोलायची सोयच नव्हती, बाकीचे सगळे तेवढंच बोलत होते.

शब्द खरोखरच तिच्याआधी लाखांदूरला पोचला. पुष्पा सरळ घरी गेली होती, तिच्या भावानं तो मिलमध्येच सांगितला. सत्यवती वसतिगृहावरून घरी आली तर बाबा नव्हते. ती तशीच, पिशवी खांद्याला असताना, मिलमध्ये गेली. मारोतराव भट्टीसमोर उभे होते, काट्याकडे पाहत.

"आयकलं मी," ते वळून न पाहता म्हणाले. "तू सांग आता."

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, 'माहाच हाये' म्हटलेलंसुद्धा. मारोतरावांनी दोन फावडी कोंडा भट्टीत टाकला.

"तू खोटं बोलली."

"हो बाबा."

"माह्यासाठी?"

"हो... अन् नागपूरसाठी."

"अन् तो पोरगा. तो चूप राहला असता तं त्याले काई झालं असतं काय?"

"काहीच नाही. कोनाले कळलंच नसतं."

"सगळ्याईसमोर बोलला? सरासमोर?"

"हो."

मारोतरावांनी फावडं भिंतीला टेकवलं. बावीस वर्षांत त्यांनी किती माणसं हाताखाली घेतली होती आणि किती घालवली होती. "काटा चढलेला दिसते, अन् आपल्यावर येईन म्हनून जो चूप राह्यते, त्याले मी बॉयलरपाशी उभा होऊ देत नाही. आपली चूक असताना जो वरडून सांगते, तोच माह्या कामाचा." त्यांनी हात झटकले. "तुमसरवाल्याले मी उद्या नाही म्हनून कळवतो. तू नागपूरले जा. दोन वर्षं शीक. तवरोक भय्याजीच्या पोराले इकडं फिरकाचं काम नाही. मंग पाहू."

सत्यवतीला धक्काच बसला. तिला वाटलं होतं बाबा मारतील, रडतील, अबोला धरतील. तिला आपण नीट ऐकलं का, तेच कळेना.

"बाबा... मंग पाहू म्हनजे?"

"म्हनजे मंग पाहू!" मारोतराव खेकसले आणि पुन्हा काट्याकडे वळले. कान मात्र लाल झाले होते. "अन् त्या साहेबाचा नमस्कार सांगतला नाहीस अजून. तोही आला माह्या कानावर."

पुढच्या सोमवारी सकाळी लाखांदूरच्या स्टँडवर तीच गाडी उभी होती. जागेश्वर शेवटच्या बाकावर बसला होता, गळा उघडा. तिला पाहून तो घाईघाईनं उठला.

"मी दुसऱ्या गाडीनं येतो. तुमच्या नावाले अजून बट्टा—"

"बसा." ती शेजारी बसली. सगळी गाडी पाहत होती. पिशवीतून तिनं मफलर काढला, तपकिरी, तीन दिवसांत विणलेला. एका टोकाला टाके चुकलेले. "दोन वर्षं मी नागपूरले राहीन. बाबा म्हनतेत, तवरोक तुमी घराकडं फिरकाचं नाही."

त्याचा चेहरा उतरला. "अन् मंग?"

"मंग पाहू म्हनतेत."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. अर्थ डोक्यात शिरायला त्याला पवनीचा रस्ता लागेपर्यंत वेळ लागला, आणि शिरला तेव्हा डोळे पाण्यानं भरले. "सत्यवती... तू तवा माहाच हाये काहून म्हटलं?"

"तुमी पूरा वेळ पाहून राहिलो म्हटलं, ते काहून?"

"खरं होतं म्हनून."

"मंग माहंही तसंच," ती म्हणाली, आणि मफलर त्याच्या गळ्यात नीट गुंडाळून दिला. "पन यानं जाळी पुसली ना, तं दोन वर्षं काय, जन्मभर बोलनार नाही."