तिसऱ्या गाण्यावर अडणारी सीडी

"एवढी धूळ तर आमच्या कोल्हारच्या स्टँडवर पन न्हाई… आन् ह्या वायरी! गाठोडं बांधून ठेवलंय नुसतं!"

आवाज कॉम्प्युटरच्या टेबलाखालून येत होता. प्रार्थना नुकतीच शाळेत शिकवून आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते. एका मोज्यातून अंगठा डोकावून घर बघत होता.

"ती धूळ मी रोज पुसते," ती म्हणाली.

टेबलाखाली ठक् झालं. मॉनिटर हलला. डोकं चोळत एक तरुण बाहेर आला, आणि बाहेर येताना त्याची भाषाही जणू इस्त्री करून आली.

"सॉरी, मॅडम. धूळ… फार नाहीये. म्हणजे… पुसलेली दिसते."

"केसांत जाळं अडकलंय."

"माझ्या?"

"जाळं आमचं. केस तुमचे."

तो हसला. प्रार्थनाला हसायचं नव्हतं. घरात परका माणूस, वेळ संध्याकाळची, पोटात भूक. तरी ओठाचा एक कोपरा हललाच.

त्याचं असं झालं होतं. प्रार्थनाचे वडील, शांतवन गुरुजी, निवृत्त झाले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर सीडी रायटरसकट कॉम्प्युटर आणला. देवळाली प्रवरात तेव्हा घरी कॉम्प्युटर म्हणजे अपूर्वाईच. त्यावर क्रोशाचा रुमाल असे, आणि त्याला हात लावायला गुरुजींची परवानगी लागे. परवानगी सहसा मिळत नसे.

यंदा हंगामाच्या सणाला, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या रविवारी, चर्चच्या गायनमंडळाची गाणी घरोघर सीडीवरून वाजली पाहिजेत, अशी घोषणा गुरुजींनी उपासनेनंतर उभं राहून केली. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर कौतुकही केलं. मुख्य आवाज प्रार्थनाचा, पेटीही तिचीच. सगळं झकास जमलं होतं. फक्त सीडी वाजत नव्हती. पहिलं गाणं छान, दुसरं छान, आणि तिसऱ्याला 'धन्य… न्य… न्य… न्य…' मग हायस्कुलात नवीन आलेल्या गणिताच्या सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं असं गुरुजींच्या कानावर आलं. आणि हे सर, जॉय नाव त्यांचं, थेट टेबलाखाली दाखल झाले.

"स्पीड जास्त असणार," पहिल्या दिवशी जॉय म्हणाला. "घाईत लिहिलं की चुका होतात."

"तेच मी उभी हयात पोरांना सांगत आलो," गुरुजी खूश झाले.

मग स्पीड कमी केला. आता एक सीडी व्हायला चहा होऊन, पिऊन, कप विसळून होईल इतका वेळ लागू लागला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरके. पट्टी सरकत असताना गुरुजींचा हुकूम असे: घरात मिक्सर नाही, पंखा नाही, पळापळ नाही. प्रार्थनाची आई, रूथबाई, चटणी पाट्यावर वाटायची. लोडशेडिंगच्या आधी आटपायचं म्हणून जॉय शाळा सुटली की सरळ इकडेच येऊ लागला. सीडी तयार झाली की आधी कॉम्प्युटरवरच वाजवून बघायची. सगळी गाणी खणखणीत! गुरुजी समाधानानं तिच्यावर नाव घालायचे, मग ती बैठकीतल्या प्लेअरमध्ये जायची, आणि तिसऱ्या गाण्याला… न्य… न्य…

लेन्स कापसानं पुसली. वायर बदलली. नगरहून दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या सीड्या आणल्या. फरक पडला तो एवढाच, की जॉयच्या मोज्यांना आता भोक नव्हतं.

"नवे घेतले?" प्रार्थनानं हळूच विचारलं.

"जुन्यांवर एकीनं फार बारीक नजर टाकली होती."

"बारीक कशाला हवी… अंगठा तर अख्खा दिसत होता."

एके दिवशी बटण दाबायच्या आधी जॉयनं नकळत कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. प्रार्थनानं पाहिलं. "तुम्ही… कॅथलिक? मतमाउलीच्या यात्रेला जाणारे?"

"दर वर्षी. आणि तुम्ही न जाणारे."

"आमच्यात नाही पद्धत."

"माहीत आहे." तो हिरव्या पट्टीकडे बघत राहिला. "गुरुजींना हे कळलंय का हो?"

आतल्या पाट्याचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा, जरा जास्तच जोरात सुरू झाला.

गुरुजींना काय कळतं आणि काय नाही, हे त्या घरात कुणीच विचारत नसे. गुरुजी वाईट नव्हते हो, पण त्यांना काही सांगायचं म्हणजे तपासनिसासमोर फळ्यावर गणित सोडवायचं. म्हणूनच, पुण्यात बँकेत असलेला सॅमसन नावाचा मुलगा आणि त्याचे आईवडील रविवारी सणालाच येणार, तिथेच मुलगी बघणार, हे गुरुजींनी जाहीर केलं, तेव्हा रूथबाई "बरं" म्हणाल्या आणि प्रार्थना "हं" म्हणाली.

बिघडलेल्या सीड्या रूथबाईंनी दोऱ्यात ओवून परसातल्या पेरूला टांगल्या होत्या. पोपट येत नाहीत म्हणून. मंगळवारी कलत्या उन्हात प्रार्थना खाली पडलेले पेरू वेचत होती, जॉय उगाचच टोपली धरून उभा होता. मान वर केली तर एक सीडी उन्हाकडे तोंड करून गिरकी घेत होती, आणि तिच्यातून उजेडाचे बारीक ठिपके आरपार येत होते. ठिपके कसले, अक्षरं! 'हंगाम' मधला 'ह' तर अगदी शेपटीसकट.

"सर… इकडे बघा."

जॉयनं बघितलं. मग दुसरी सीडी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांतून उजेड वाचता येत होता.

गुरुजी प्रत्येक सीडीवर बॉलपेननं 'हंगामाचा सण' लिहायचे. मुलांना 'दाबून लिहा, अक्षर उठलं पाहिजे' म्हणणारा हात तो. वहीची तीन पानं पलीकडून वाचता येतील असं लिहायचा. सीडीची गाणी वरच्या त्या चकचकीत पापुद्र्याला चिकटलेली असतात, हे त्या हाताला कोण सांगणार? मधल्या गोलाजवळची दोन गाणी तेवढी पेनाखालून सुटायची.

"म्हणजे कॉम्प्युटर बरा आहे," प्रार्थना म्हणाली.

"ठणठणीत."

"पप्पांना सांगायला हवं."

"हवं." जॉयनं टोपली या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही सांगा. तुम्ही मुलगी आहात."

"तुम्ही सांगा. पाहुण्याला ते ओरडत नाहीत."

"सांगितलं की मग… माझं इथलं काम संपलं."

पेरूच्या पानांतून वारा गेला. डोक्यावर सीड्या एकमेकींवर किणकिणल्या. प्रार्थनानं एक पिकलेला पेरू उगाच ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला.

"एवढ्यावरून कसं म्हणता येईल?" ती म्हणाली. "आणखी दोन-चार करून बघू. खात्री… खात्री नको का?"

"गणितात खात्री फार महत्त्वाची," जॉय अत्यंत गंभीरपणे म्हणाला. मग हळू आवाजात, "खरं सांगू? मला कॉम्प्युटरमधलं फारसं येत नाही. गुरुजींनी विचारलं तेव्हा 'हो' म्हणून गेलो."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही माउसची वायर प्रिंटरच्या भोकात घालत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

पुसलेला पेरू टोपलीत न टाकता तिनं त्याच्या हातात दिला.

खात्री करण्यात बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी जॉयनं मऊ टोकाचं मार्कर पेन गुरुजींना भेट म्हणून आणलं. गुरुजींनी कागदावर रेघ ओढून पाहिली आणि परत दिलं. "ह्यानं अक्षर बसत नाही, सर. पसरतं." त्याच रात्री लागलीच सगळ्या सीड्या करून झाल्या, आणि शनिवारी सकाळी, घर उठायच्या आत, गुरुजींनी एकेकीवर मन लावून, दाबून, नाव घातलं.

दुपारी पाळकसाहेबांकडे पाठवण्याआधी एक वाजवून पाहिली. न्य… न्य… न्य… दुसरी पाहिली. तिसरीही तशीच.

गुरुजी खुर्चीत बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता क्रोशाचा रुमाल उचलून कॉम्प्युटरवर घातला. भर चर्चमध्ये उभं राहून दिलेला शब्द होता तो. "उद्या कोणत्या तोंडानं जाऊ?" मग जॉयकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही खूप कष्ट घेतलेत. ह्या यंत्रातच खोट आहे. उद्यापासून आता तसदी घेऊ नका."

जॉय उठला. रूथबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. उद्या पुण्याचे पाहुणे, आणि आज हा चपला घालणार. आत्ता नाही तर मग कधीच नाही.

"खोट यंत्रात नाही, पप्पा." आवाज तिचाच होता, पण तिला तो अनोळखी वाटला. तिनं सीडी उचलली आणि खिडकीच्या उजेडात वडिलांसमोर धरली. "तुमच्या पेनात आहे."

गुरुजींनी चष्मा सावरला. उजेडातून आलेला 'हंगामाचा सण' वाचला. पुन्हा वाचला.

आणि गुरुजी हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट हलेपर्यंत. "अक्षर मात्र बघ गं, रूथ! उन्हातसुद्धा सुवाच्य!"

रूथबाईंचा ट्रे थरथरला, कपांनीही हसून घेतलं. "मार्करनं पुन्हा करू, संध्याकाळपर्यंत होतील," जॉय घाईघाईनं म्हणाला.

"होतील, होतील." गुरुजींनी डोळे पुसले, चष्मा लावला, आणि मास्तरकी परत अंगात आली. "पण हे कळलं कधी तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"हो."

"मंगळवारी कळलं. मग बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे सर रोज येऊन काय दुरुस्त करत होते?"

जॉय माउसकडे बघू लागला. रूथबाई साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घालू लागल्या. प्रार्थनानं सीडी टेबलावर ठेवली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि वडिलांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"काहीच नाही, पप्पा. ते मला भेटायला येत होते… आणि मी त्यांची वाट बघत होते. पुण्याच्या पाहुण्यांना कळवा, सणाला जरूर या, पण मला बघायला येऊ नका. माझं बघून झालंय."