मेमरीचं बटण

डहाणू रोडच्या बाजारात शैलेशचं दुकान. मिक्सरपासून अँप्लिफायरपर्यंत काहीही आणा, दुरुस्त होऊन जायचं. असा हा माणूस २०१६च्या एप्रिलात एका बटणापुढे टेकीला आला.

सिंथेसायझर जुना, जपानी. उधवा गावच्या बँजो पार्टीत सुकऱ्या तो वाजवायचा. होळीआधी सुकऱ्या तापानं गेला. लेकीच्या, बायजीच्या लग्नासाठी त्यानं नवी चाल बांधायला घेतली होती आणि झाली तेवढी त्यातच रेकॉर्ड केली होती. ती अर्धी चाल तरी मांडवात वाजावी, एवढंच त्याच्या बायकोचं, पुतळीचं मागणं. पण मेमरीचं बटण झिजलं होतं. तेच धरून ठेवलं की रेकॉर्ड, नुसतं दाबलं की ऐकायचं. लग्न शुक्रवारी होतं.

सोमवारी शैलेशनं मागचे अठरा स्क्रू काढले. रबराखालचा कार्बन उडाला होता. त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं पुसलं, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कापून चिकटवला. बटण चालू झालं. स्वारी खुशीत घरी गेली.

मंगळवारी बटण मेलेलं. आतला कागद घासून फाटला होता आणि बटणावर बोटाचा चिकट मळ होता. त्याला तंबाखू-चुन्याचा वास येत होता. शैलेश तंबाखूला शिवतही नसे. बायकोला विचारलं, तर श्रुतिका म्हणाली की दुकानाची किल्ली तुमच्याच खिशात असते. त्याला उगाच तिचाच राग आला.

मग त्यानं भंगारातल्या कीबोर्डचं कोरं बटण काढून बसवलं.

बुधवारी त्यावरची अक्षरं पुसली गेली होती. डाव्या कडेला खळगा पडला होता, जुन्या बटणाला होता तसाच. शैलेशचं डोकं फिरलं. रागाच्या भरात त्यानं सर्किटची अख्खी प्लेट मोकळी केली, आतला गोल सेलही उपटून वाटीत टाकला, सगळं घासून धुतलं, वाळवलं आणि परत जोडलं. बटण चालू झालं, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. मेमरी त्या सेलवरच जगते. पडद्यावर शून्य होतं.

वीस वर्षं मुरलेला कारागीर, आणि चूक नवशिक्याची. मेलेल्या माणसाची एकुलती चाल आपण पुसली, या विचारानं त्यानं जेवणाचा डबा उघडलाच नाही.

दुपारी पुतळी आली. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं बटण दाबलं.

चाल वाजली.

पुतळी डोळे मिटून ऐकत होती. एका जागी तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"बायजीच्या बापानं इथवरच बसवलेली," ती म्हणाली.

चाल थांबली नाही. पुढे गेली. एके ठिकाणी चुकली. मागे आली, तीच जागा पुन्हा घेतली, नीट घेतली, आणि मध्येच तुटली.

शैलेशनं वाटीत पाहिलं. सेल तिथंच होता.

त्यानं घाईघाईनं सिंथेसायझर कापडात गुंडाळायला घेतला. कधी एकदा ही बला दुकानाबाहेर जाते असं त्याला झालं होतं. पुतळीनं त्याचा हात धरला.

"आज नाय नेत, शैलेशभाई. थोडीच राहिलीय. शुक्रवारी सकाळी येते."

पायरी उतरता उतरता ती थांबली.

"आन् ते बटण आता पुसू नका. त्याचा हात बसू द्या."