प्रॉम्प्टरची अट

"घरी कधी पोचणार हो मी, ताई?" डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या पोराने विचारलं, आणि इसोलिनाच्या हातातली सुपाची पळी तशीच राहिली.

इटलीतल्या बोलोन्याच्या स्टेशनात धुकं शिरलं होतं. जखमी सैनिकांची गाडी फलाटाला लागली होती. युद्धाने थिएटरं बंद पडली, आणि जिच्या एका हुंदक्यावर गॅलरीतली माणसं रुमाल काढायची ती इसोलिना आता मदत समितीत सूप वाढत होती. समितीच्या प्रमुख देल्फिनाबाई, म्हणजे नोटरीची बायको. त्यांनी तिला मुद्दाम टोकाला उभं केलं होतं. "नाटकवाली ती! पोरांपुढे नखरे करायची," असं त्या म्हणत, तेही तिला ऐकू जाईल एवढ्याच हळू.

पोरगा उत्तराची वाट बघत होता. इसोलिनाला एक शब्द सुचेना. दुसऱ्याचं लिहिलेलं बोलण्यात सगळं आयुष्य गेलेलं, स्वतःचं बोलायची सवय होती कुठे?

तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "सूप संपव आधी... इतका वाळलेला घरी गेलास तर आई दारातच उभा ठेवेल."

वाक्य जसंच्या तसं तिच्या तोंडून बाहेर पडलं. पोरगा खदखदून हसला. ती वळली. मागे रुग्णसेवकाच्या गणवेशातला एक किडकिडीत, टकला माणूस उभा होता. चेहरा अनोळखी... पण आवाज!

"अमिल्कारे?"

"ओळखलंत म्हणायचं, बाई."

"आवाज ओळखला. चेहरा मी कधी नीट बघितलाच नाही की हो!"

"कसा बघणार? नायिका वर, प्रॉम्प्टर खड्ड्यात. तुम्हाला दिसायचं ते माझं टक्कल. मला मात्र तुमचे बूट तोंडपाठ आहेत."

"नुसते बूट?"

"आणि... घोटे." तो कानापर्यंत लाल झाला. "पुढचं सभ्य माणूस सांगत नाही."

इसोलिना कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला खड्ड्यात बसून हा माणूस तिला वर्षानुवर्षं वाक्यं पुरवत आला होता. त्याची कुजबुज कानी पडली, की डोक्याला विचारायच्या आत तिची जीभ बोलून मोकळी व्हायची. आणि त्याची खोड अशी, की नटी अडकली, थिएटर शांत झालं, की याचाच जीव गुदमरायचा. नटीला शांततेत एकटं सोडायचं नाही, हा त्याचा धर्म.

अमिल्कारे आता जखमींच्या गाडीबरोबर फिरत असे; ती गाडी आली की इसोलिना केस नीट करू लागली. तो तिच्या हातून सूप घ्यायचा आणि मीठ कमी आहे म्हणून भांडायचा. ती म्हणायची, "खड्ड्यातून बाहेर काढलं तर जीभ लांब झाली हो तुमची!" तो म्हणायचा, "इतकी वर्षं कुजबुजतच होतो, बाई. आता थोडं मोठ्याने बोलू द्या." थंडीत कुडकुडणाऱ्या त्या दोन शहाण्यांना काय झालंय, हे अख्ख्या फलाटाला कळत होतं.

एका खेपेला तो भांडलाच नाही.

"माझी बदली झाली. सालोनिकाला, ग्रीसच्या आघाडीवर. पुढच्या खेपेला शेवटचा येईन." मग खाली बघत म्हणाला, "तेव्हा सांगा... लग्न कराल माझ्याशी? अट एकच. शब्द तुमचे हवेत. नाटकातले सगळे मला पाठ आहेत, लगेच ओळखू येतील."

देल्फिनाबाईंनी ऐकलं होतंच. "कंपनीची नायिका आणि बिळातला उंदीर! शोभेल हो जोडा." खरं सांगायचं, तर इसोलिनालाही ते क्षणभर टोचलं. नायिकेचा ताठा सहजी जातो थोडाच? पण रात्री अंथरुणावर पडली तेव्हा ताठा कुठे होता, नि ती कुठे होती! तिला तो हवा होता, बस्स. 'हो' म्हणायचं होतं. केवढासा तो शब्द!

गाडी आली. इंजिनाने पाणी घेतलं की लगेच सुटणार होती. अमिल्कारे उतरून तिच्यापुढे उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

"बोला, बाई."

तिने तोंड उघडलं... आणि शब्दाऐवजी रडूच आलं. रंगमंचावर रडू आणता येतं, आवरताही येतं. हे रडू खरं होतं, ते कुणाचं ऐकेना. ती नुसती बघत राहिली.

त्याने ती शांतता पाहिली. बाईंना नकार द्यायचाय, पण धीर होत नाहीये, असं त्याला वाटलं. त्याचा चेहरा उतरला. आणि मग त्या भल्या माणसाने जन्मभर केलं तेच केलं. एका जुन्या नाटकात ती करायची त्या विधवेचं, मागणी नाकारतानाचं वाक्य तो हलकेच कुजबुजला.

"तुम्ही फार चांगले आहात..."

"तुम्ही फार चांगले आहात," इसोलिना म्हणाली. "पण माझं मन आता कुणाचीच वाट बघत नाही. या तुम्ही."

अगदी संथ, अगदी सुरेख. शेवटच्या शब्दावर मान वळली, ठरल्यासारखा अश्रू ओघळला. डब्यातल्या दोन-तीन जखमींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गाडी हलली, तो पायरीवर चढला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

"अमिल्कारे! हे नाही... हे माझं नव्हतं! मला हो म्हणायचं होतं! हो!" ती गाडीबरोबर धावत सुटली.

त्याने ऐकलं. सगळं ऐकलं. आणि मान हलवून हसला.

"नको, बाई... दया नको. नकार द्यावा तो तुम्हीच!"

"अहो, खरं बोलतेय मी!"

"तेच तर तुम्हाला छान जमतं," तो म्हणाला. आणि डबा धुक्यात शिरला.

तिने सालोनिकाला निरोपावर निरोप धाडले. त्याचा एकदाही आला नाही. पुढे तिकडून परतलेल्या एका सैनिकाने सांगितलं, की टकला अमिल्कारे हिवतापाने गेला. हसवायचा फार, म्हणाला.

युद्ध संपलं, थिएटरं उघडली. कंपनीचा मालक दोनदा येऊन गेला, पण इसोलिना सूप वाढतच राहिली. आता निर्वासित यायचे. बोलायची थोडंच, अडखळत, पण मागून कुणी सांगत नव्हतं.

एकदा एका म्हातारीने सूप घेता घेता विचारलं, "लग्न नाही का गं केलंस, पोरी?"

इसोलिनाने म्हातारीच्या वाडग्यात आणखी एक पळी घातली.

"विचारलं होतं एकाने," ती म्हणाली. "मी हो म्हटलं. त्याला ते नाटक वाटलं."